पट्ट्यांचं पांघरूण

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना सोपं गेलं असतं. रोह्याच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं, तेव्हा लिहिणं मलाही जड गेलं नसतं. पण इंग्रजीत लिहिलं की तुम्ही ते आपापल्या खोलीत बसून वाचाल. मराठीत लिहिलं की वाचून दाखवायला बाबा लागतील आणि तिघांना एका जागी बसावं लागेल. म्हणून मराठीत.

पांघरूण तुमच्याकडे आहे. ते कसं झालं हे मात्र तुम्हाला अर्धंच माहीत आहे, फोनच्या पडद्यात मावलं तेवढं.

आजोबा गेल्यानंतर बाबांनी रविवारचा फोन ठरवून दिला. आमची संध्याकाळ, तुमची सकाळ. पहिलं वर्षभर तुम्ही दोघं पडद्यासमोरून हलत नव्हतात. कुणाचा दात पडला, कुणी कुणाला ढकललं, सगळं मला कळायचं. मग हळूहळू बोलणं आटलं. मी विचारायचे, "काय चाललंय?" उत्तर यायचं, "काही नाही." मी विचारायचे, "जेवलात का?" उत्तर यायचं, "आजी, आत्ता सकाळ आहे." हे मला ठाऊक असायचं, तरी दर रविवारी तोंडातून तेच जायचं. वर्गाचं लक्ष उडालं की पोरांचे डोळे खिडकीकडे जातात. तुमचे डोळे तसेच पडद्याच्या कडेला जायला लागले. फोन ठेवला की किती मिनिटं झाली ते मी घड्याळात बघायचे नाही. बघायचं नाही असं ठरवलंच होतं.

अशाच एका रविवारी तुमच्यातली मोठी म्हणाली, "आजी, तू विणतेस ना? आम्हाला एक मोठं ब्लँकेट कर. दोघांना मिळून."

त्याआधी तुम्ही माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं. मागण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय! मी लगेच विचारलं, "रंग कुठले घालू?"

"तुझ्या गावाचे."

"माझ्या गावाचे म्हणजे?"

"म्हणजे तिकडे जे जे रंग आहेत ना, ते. आम्हाला आता आठवत नाहीत."

तेवढ्यात धाकटा पडद्यात घुसला. "मला आठवतात! जांभळा! डोंगर जांभळा होता!"

धाकटे साहेब चार वर्षांचे असताना तुम्ही शेवटचे आला होतात. संध्याकाळी गच्चीवर बाबांच्या खांद्यावर बसून साहेब कुंडलिका नदीपलीकडचे डोंगर बघत होते. ते मलाही आठवतं. पण मी शिक्षिका. चुकीचं उत्तर आलं की मला राहवत नाही. मी म्हटलं, "राजा, आपल्या डोंगराला तो रंग नाही. पावसाळ्यात हिरवा, उन्हाळ्यात तपकिरी."

"जांभळाच होता."

"नव्हता रे. मी रोज बघते ना गच्चीवरून."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पडद्यावर नुसती भिंत राहिली. पुढच्या रविवारी तो खेळत होता. त्याच्या पुढच्या रविवारी आंघोळीला गेला होता. बाबा हसून म्हणाले, "आई, मूड असतो एकेकाचा. येईल." नवरात्र गेलं, दिवाळी गेली, तो काही आला नाही. दोघांपैकी एक पडद्यावरून गेला होता. दुसरीही जाईल, अशी मला धास्ती वाटायला लागली. पांघरूण असं करायचं की ते बघायला तो आपण होऊन येईल, एवढंच मी मनाशी धरलं.

आता रंगांचं सांगते, कारण तो भाग मला नीट येतो असं मला वाटत होतं.

रोह्यात लोकर मिळते, पण तोरणापुरती. लाल, हिरवी, पिवळी संपली की दुकान संपलं. म्हणून मी एसटीने पेणला गेले. पेण माझं माहेर. आता तिथे माझं कुणी नाही, पण लोकरीचं दुकान आहे. दुकानदारीण माझ्याहून बरीच लहान, जिभेची मात्र सैल. मी लोकरीचे गुंडे गल्ल्यावर मांडायला लागले तशी म्हणाली, "काकू, रोह्यात पंख्याखाली घाम पुसता पुसता हे कोण पांघरणार?"

"नातवंडं पांघरतील. बर्फ पडतो तिकडे."

"मग तिकडं नाय का मिळत?"

"मिळतं."

"मग?"

मी दाराशी उजेडात जाऊन उभी राहिले.

रंग निवडायची माझी पद्धत अशी. दुकानातल्या दिव्याखाली रंग घ्यायचा नाही, दाराशी यायचं. एकेका रंगाचा हातभर धागा मागून घ्यायचा आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शेजारी शेजारी गुंडाळायचा. गुंडे एकमेकांजवळ ठेवले की सगळेच छान दिसतात. धागा धाग्याला लागला की खरं कळतं, कुठला रंग शेजारच्याला खातो आणि कुठला त्याला उठाव देतो. मग डोळे बारीक करून बघायचं. ज्या दोन रंगांच्या मधली रेघ पुसट होते, ते दोन शेजारी घ्यायचे नाहीत. आणि एक रंग एकदाच, पुरेसा घ्यायचा. नंतर आणायला गेलं की दुसऱ्या लॉटचा मिळतो. नाव तेच असतं, पण रंगात उन्नीस-बीस होतंच.

गावाचे रंग मी बसमधून जाताना ठरवले होते. वडखळच्या बाजूला मिठागरं दिसतात, त्यांचा पांढरा. खाडीचा राखाडी निळा. भात काढल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात, त्या वालाचा गडद हिरवा. पोह्यांच्या गिरणीबाहेर तुसाचा ढीग असतो, त्याचा सोनेरी. पेणजवळ जोह्याला गणपती करतात, त्या शाडूच्या मातीचा रंग. आणि आपल्या घराच्या कौलांचा तांबडा. सहा झाले. पुठ्ठ्यावर गुंडाळून बघितले, पटले, घेतले. शेजारच्या कप्प्यात जांभळा होता. तो माझ्या नजरेला मातकट, करपल्यासारखा वाटला. "हा विकला जातो का?" असंही मी विचारलं. दुकानदारीण म्हणाली, "सगळ्यात आधी हाच संपतो काकू." मला ती थट्टाच वाटली.

पांघरूण अखंड विणायचं नाही, पट्ट्या करायच्या आणि मग जोडायच्या, हे आपल्या हवेचं शहाणपण. अख्खं पांघरूण मांडीवर घेऊन रोह्यात बसलं तर माणूस शिजेल. पट्टी हलकी, पंख्याचा वारा लागतो. प्रत्येक पट्टीत मुख्य रंग एक आणि शेजारच्या पट्टीच्या रंगाचे लहान चौकोन, म्हणजे एक रंग दुसऱ्यात शिरतो. पण त्यामुळे दोन-तीन गुंडे एकाच वेळी चालवावे लागतात, आणि गुंडे ही जात महाबिलंदर. पाठ फिरली की गळ्यात गळा घालून बसतात. त्यावर माझा उपाय म्हणजे बिस्किटांचे पत्र्याचे डबे. प्रत्येक झाकणाला खिळ्याने भोक पाडायचं, कडा लाटण्याने ठोकून बोथट करायच्या, भोकातून धागा बाहेर काढायचा. डब्यावर चिठ्ठी: तूस, खाडी, वाल, मीठ, शाडू, कौल. डबे नेहमी त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे. सुलट ओळ संपली की काम उजवीकडून फिरवायचं, उलट ओळ संपली की डावीकडून. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग धाग्यांना पीळ बसत नाही.

आपल्याकडे कामाला येते ती खाडीकाठच्या गावातली. तिच्या सासरचे सगळे मिठागरावर राबलेले. ती डब्यांच्या रांगेला हात लावायची नाही, लादी पुसतानासुद्धा वळसा घालून जायची. एकदा म्हणाली, "आजी, तुमची ही शाळाच बसलीय जणू. एक डबा हलला तर उठाबशा काढायला लावाल."

रविवारी मी पट्टी पडद्यासमोर धरायचे. मोठी बघायची, विचारायची, आणि फोन लांबायचा. हे माझ्या लक्षात आलं होतं. मिठाची पट्टी दाखवली तेव्हा ती म्हणाली, "यलो मस्त आहे." मला वाटलं तिला मागे ठेवलेला तुसाचा गुंडा दिसतोय. मी म्हटलं, "त्याला सोनेरी म्हणायचं." ती बरं म्हणाली. धाकटा दाराशी उभा असल्यासारखा वाटायचा, त्याचा मोजा दिसायचा. मी मुद्दाम मोठ्याने बोलायचे. मोजा नाहीसा व्हायचा.

सहाही पट्ट्या झाल्या. जोडायला बसले आणि मोठ्या नाकाच्या सुईत मला धागा ओवता येईना. खिडकीशी गेले, दाराशी गेले, गच्चीवर गेले. येईना. तोवर मी सगळा दोष बाहेर टाकत होते. हल्लीची लोकर कळकट येते, बल्ब पूर्वीसारखे मिळत नाहीत, पडद्यांना धूळ फार. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळ्यात प्रकाश पाडून बघितलं आणि म्हणाले, "दोन्ही मोतीबिंदू चांगले पिकलेत. बरीच वर्षं असणार. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

मी म्हटलं, "घरात मीच असते."

ते हळूहळू होतं, म्हणून एकट्या माणसाला कळत नाही. घरात दुसरं कुणी असतं तर आठ दिवसांत म्हणालं असतं, अगं, हे पिवळं आहे, पांढरं कुठलं? आजोबा असते तर त्यांनी माझी साडीवरूनच टिंगल केली असती. रंग माझ्या डोळ्यांत रोज थोडा थोडा मळत होता आणि पडताळायला शेजारी दुसरे डोळे नव्हते.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. दवाखान्यातल्या सिस्टरने विचारलं, "सोबत कोण आहे?" मी उत्तर जुळवत होते. कामवाली पिशवी सावरत पुढे झाली. "मी हाय ना. का, पुरत नाय?" बाबा त्या दिवशी दोनदा फोनवर होते, पण फोन तिच्या हातात होता आणि ती त्यांना छत दाखवत होती.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर घरी आले. सगळ्यात आधी चकित झाले ती न्हाणीघरातल्या फरश्या बघून. त्या पांढऱ्या होत्या! मी त्यांना इतकी वर्षं सायीच्या रंगाच्या समजत होते. मग लोकर आठवली. पांघरुणाच्या पट्ट्या काढून पलंगावर पसरल्या. खाडी शाळेतल्या मुलींच्या रिबिनीसारखी निळीशार. शाडूला गुलाबी झाक. आणि मीठ पिवळं, चक्क लिंबाच्या सालीसारखं पिवळं.

मी कामवालीला हाक मारली. "हे काय रंगाचं आहे?"

"पिवळं."

"डब्यावर मीठ लिहिलंय!"

"मला वाचता कुठं येतंय आजी? मला वाटलं हळद करताय."

"मीठ म्हणूनच सांगितलं होतं मी तुला एकदा."

"व्हय, सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "मंग मला वाटलं तिकडं परदेशात पिवळं असंल. तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला कोण सांगायचं, नाय का?" आणि पदर तोंडाला लावून ती इतकी हसली, की मलाही हसू आलं. पण ती गेल्यावर 'तुम्हाला कोण सांगायचं' एवढंच माझ्याजवळ राहिलं. मी पट्ट्यांची घडी घातली आणि गच्चीवर गेले.

सूर्य नुकताच खाली गेला होता. वरश्याच्या बाजूला नव्या इमारतींत दिवे लागत होते, धाटावच्या कारखान्यांतून शिफ्ट सुटलेल्यांच्या गाड्या येत होत्या. आणि नदीपलीकडचा डोंगर जांभळा होता.

मी उजवा डोळा झाकला. डोंगर तपकिरी. डावा झाकला. जांभळा, पिकल्या जांभळासारखा नाही, त्यात थोडं दूध घातल्यासारखा. पुन्हा उजवा झाकला, पुन्हा डावा. अंधार होईपर्यंत मी तेच करत उभी होते. मला ते तेव्हाच्या तेव्हा कुणाला तरी सांगायचं होतं. मंगळवार होता. तुम्ही शाळेत निघाला असणार. फोन हातात घेतला, ठेवला. मंगळवारी फोन आला की बाबा घाबरतात.

सकाळी कामवालीला सांगितलं, "संध्याकाळी डोंगर जांभळा दिसतो."

"असतोय की," ती भांडी विसळत म्हणाली. "रोजचाच हाय तो."

चार वर्षांच्या मुलाला जे एका संध्याकाळीत दिसलं आणि तीन वर्षं लक्षात राहिलं, ते मी, इथे रोज राहणारी, नाही म्हणून बसले होते.

त्याच आठवड्यात पेणला गेले. या वेळी पुठ्ठा घेऊन दाराशी उभी राहिले आणि एकेका जांभळ्यासाठी आळीपाळीने डोळे मिटायला लागले. वांग्याचा होता, कोकमाकडे झुकणारा होता, निळसर होता. समोरच्या पानाच्या गादीवरचा म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. दुकानदारीण आतून ओरडली, "काकू, त्याला डोळा काय मारताय? तो आधीच बायकोच्या धाकात आहे!" मी तिला ऑपरेशनचं सांगितलं. तशी ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. आम्ही दोघींनी मिळून रंग निवडला. मी सांगायचे डोंगर कसा दिसला, ती म्हणायची, "मग हा नाय, हा." निळसर जांभळ्याचे दोन गुंडे आणि एक थोडा फिका, दूध पडल्यासारखा. इतक्या वर्षांत लोकर घेताना माझ्या शेजारी कुणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही.

आता अडचण वेळेची होती. वरश्यातल्या एका मुलीचं तुमच्याच शहरात सासर. ती माहेरपणाला आली होती आणि परत निघणार होती, तिच्या बॅगेत पांघरूण जायचं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे दिवसाउजेडी थोडं थोडंच विणता येणार होतं. तेवढ्यात एकच पट्टी झाली असती. एक तर मीठ नव्याने पांढरं विणायचं, नाही तर डोंगर.

मिठाची पट्टी मधोमध येणार होती. माझ्या हातून गेलेल्या वस्तूत असली ढळढळीत चूक मी कधी राहू दिलेली नाही. वर्गात पोरांनी पान फाडून पुन्हा लिहिलेलं आहे माझ्यामुळे. दोन दिवस मी त्या पिवळ्या पट्टीकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मनाला एक विचारही शिवून गेला: सगळं उसवावं, नव्याने सुरू करावं. पुढच्या वर्षी कुणीतरी जाणारं मिळेल, आणि तोवर रविवारी बोलायला काहीतरी राहील. तो विचार बराच वेळ मांडीवर बसून होता. मग मोठीने फोनवर सांगितलं की तिकडे पहिला बर्फ पडला. मी डोंगराचे टाके घातले.

सगळ्या पट्ट्या जोडल्या, डोंगर कडेला, कौलाच्या पलीकडे. मीठ पिवळंच राहिलं. त्या रविवारी मी बाबांना म्हटलं, "त्याला जरा बोलाव. सांगायचंय, डोंगर जांभळा आहे. तोच बरोबर होता." बाबा आत जाऊन आले. "आई, सांगितलं मी त्याला. हो म्हणाला." मी पट्टी पडद्यासमोर धरून बसले होते. मोठीने ती बघितली, छान म्हणाली. दाराशी मोजा नव्हता.

वरश्याची मुलगी पांघरूण घेऊन गेली. डबे रिकामे झाले. कामवालीने त्या कोपऱ्यातली लादी सरळ पुसून काढली, वळसा न घालता. पुढच्या रविवारी फोन आलाच नाही, तुम्ही कुणाकडे तरी गेला होतात. त्याच्या पुढच्या रविवारी मी फोन समोर ठेवून बसले. बोलायला काय काढायचं ते मनात जुळवत होते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, पेणचे पापड, कामवालीच्या मुलीचं लग्न. यातलं काहीच दोन वाक्यांच्या पुढे जाणारं नव्हतं.

फोन वाजला. पडद्यावर बाबा नव्हते, मोठीही नव्हती. वाटी घेऊन धाकटा एकटाच बसला होता. केस उभे, खांद्यावर पांघरूण.

"आजी," तो म्हणाला, "मी सांगितलं होतं."

"हो रे. सांगितलं होतंस."

"मग तू नाही का म्हणालीस?"

"मला दिसत नव्हता. डोळे बिघडले होते माझे."

त्याने पांघरूण खांद्यावर वर ओढलं. "आता दिसतो?"

"दिसतो. ढग नसले तर रोज दिसतो."

"जांभळी बाजू ताईने घेतली," तो म्हणाला. "चालेल मला. मला आता पिवळा आवडतो. मधला."

मी मिठाचं काही बोलले नाही. पुढे विचारण्यासारखं खूप होतं, शाळा, बर्फ, थंडी. पण विचारलं तर 'काही नाही' येईल आणि तो उठेल, असं वाटलं. म्हणून गप्प राहिले. तोही गप्प होता. पण उठला नाही. वाटीतलं काहीतरी कुरकुरीत चावत, पाय हलवत, माझ्या समोर बसून राहिला.